नकार पन्नास, बास्केट शून्य

आज बोलायचं आहे ते ‘स्लॅम डंक’ या जपानी मांगाच्या पहिल्या खंडाविषयी. ताकेहिको इनोउए यांची ही चित्रकथा 1990 ते 1996 या काळात ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात आली. पुढे तिचे 31 खंड झाले. जपानी पोरांना बास्केटबॉलचं वेड लावलं ते हिनंच. पण पहिला खंड उघडावा, तर सुरुवातीला बास्केटबॉलचा पत्ताच नाही!

आहे तो साकुरागी हानामिची. तांबड्या केसांचा, सहा फुटांवरचा, मारामारीला सदा तयार. शाळेत पन्नास मुलींनी त्याला नकार दिलेला. पन्नासावीला तर बास्केटबॉल संघातला एक मुलगा आवडत होता. झालं! या खेळाचं कुणी नाव काढलं, की स्वारीचं कपाळ त्याच्या कपाळावर आदळलंच. मित्रही असे, की सांत्वन राहिलं बाजूला, पन्नाशी साजरी करतात.

मग शोहोकू हायस्कूलमध्ये हारुको भेटते. बास्केटबॉल आवडतो का, असं विचारते. हा पठ्ठ्या हो म्हणून मोकळा. धडधडीत थाप! ती त्याला डंक मारायला सांगते, म्हणजे उडी घेऊन चेंडू थेट कड्यात कोंबायचा. साकुरागी उडतो, आणि इतका उंच, की डोकंच फळ्यावर आपटतं. इनोउए स्वतः शाळेत हा खेळ खेळलेले. म्हणून चेहरे कितीही अर्कचित्रासारखे असोत, उडीतलं अंग मात्र खरं वाटतं.

पुढे शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार अकागी याच्याशी पैज लागते: त्याच्या दहा बास्केट होण्याआधी साकुरागीनं एक केली तरी जिंकला. हा चेंडू हातात धरून सरळ धावत सुटतो. टप्पे टाकत जायचं असतं, हे त्याच्या गावीही नाही. लेखकाची खरी चलाखी मला इथं दिसते. नियम ठाऊक नसलेला वाचक नायकाच्या चुकांबरोबर खेळ शिकत जातो आणि शिकवणी चाललीय असं त्याला कुठं वाटत नाही. त्याआधी गच्चीवर होणारी मारामारी तेवढी लांबलीय, हे मात्र खरं.

त्या मारामारीत समोर असतो रुकावा. झोपाळू, अबोल, आणि खेळात खरोखर तरबेज. हारुकोचं मन आधीच त्याच्यावर जडलेलं, आणि त्याला त्याची दखलही नाही. म्हणजे एक्कावन्नावा नकार दारात उभा, आणि साकुरागीला मात्र आता संघात शिरायचंय.