आवक-जावक आणि मळलेलं पान



माझ्या नोकरीतली पंचवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. कुणी अर्ज आणला की तो घ्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा आणि पोच द्यायची. पोच हातात पडली की माणूस निश्चिंत मनानं जिना उतरतो. काम झालं असं त्याला वाटतं. अर्ज मात्र अजून माझ्या टेबलावरच असतो. टिपणी, साहेबांची सही, दप्तरखाना हे सगळं पुढंच असतं.

आज मी बोलणार आहे तो संगणकाच्या पोटात बसलेल्या अशाच एका कारकुनाविषयी. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाचं शास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. ते मला एका चुकीनं शिकवलं.

गोष्ट 2010 सालची. माझी अम्मी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिला बसवून मी तासभर ध्वनिमुद्रण केलं आणि ते भाच्याच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलं. सुमारे सहाशे मेगाबाइटची ती फाइल. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. दुसऱ्या दिवशी तो सगळं पुसून नव्यानं भरणार होता, म्हणून मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. पडद्यावरची पट्टी चार-पाच सेकंदांत भरली. वाटलं, वा! काय वेग आहे! मी पेन ड्राइव्ह उपसला आणि खिशात टाकला.

आठवड्यानं तो लावून पाहिला. फाइलचं नाव जागेवर होतं. आत आवाज नव्हता. लॅपटॉप तर केव्हाच पुसून झाला होता. भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही घाई केलीत. पानं अजून टेबलावरच होती.’’

पानं? मी चमकलो. पान हा तर आमच्या धंद्यातला शब्द.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. लिनक्सचं कर्नेल लिनुस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 साली हेलसिंकीत लिहायला घेतलं. आज तुमच्याआमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच असतं. हे कर्नेल म्हणजे संगणकाचं आवक-जावक खातं. कीबोर्ड, डिस्क, पेन ड्राइव्ह, नेटवर्क या सगळ्यांशी होणारी देवघेव त्याच्या हातून होते. त्यासाठी ते स्मृतीचे, म्हणजे मेमरीचे, सारख्या आकाराचे तुकडे पाडतं. त्या तुकड्याला पान म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या ॲटलास या संगणकात 1962 सालीच अशी पानं होती.

आज आपल्या साध्या संगणकात एक पान बहुधा 4,096 बाइटचं असतं. मराठीचं एक अक्षरचिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार यांचा हिशेब वेगळा. म्हणजे एका पानावर सुमारे तेराशे पासष्ट चिन्हं मावतात. एक बऱ्यापैकी लांब कविता! आठ गिगाबाइट मेमरीच्या संगणकात अशी जवळजवळ एकवीस लाख पानं असतात.

आता तुम्ही काही लिहून ‘सेव्ह’ केलंत, की कर्नेल तो मजकूर आपल्या पानावर उतरवून घेतं आणि प्रोग्रॅमला सांगतं, झालं. ही झाली पोच. मजकूर डिस्कवर गेलेला नसतो. ज्या पानावरचा मजकूर डिस्कवरच्या प्रतीपेक्षा वेगळा आहे, त्यावर कर्नेल खूण करून ठेवतं. त्या पानाला इंग्रजीत ‘डर्टी पेज’ म्हणतात. मी त्याला मळलेलं पान म्हणतो.

मग हा कारकून ते लगेच डिस्कवर का नेत नाही? आळशी आहे का? मुळीच नाही. मेमरीतली एक गोष्ट हाताशी यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर तेच काम दहा मिलिसेकंद घेतं. म्हणजे एक लाख पट. प्रत्येक अर्जामागं कारकून दप्तरखान्यापर्यंत चालत गेला, तर दाराशी रांग लागेल. शिवाय मी एका ओळीत दहा वेळा खाडाखोड करतो. दहाही वेळा डिस्कवर जाण्यापेक्षा शेवटची ओळ एकदाच नेलेली बरी.

म्हणून लिनक्समध्ये असा शिरस्ता आहे: दर पाच सेकंदांनी कारकून उठून टेबल पाहतो. तीस सेकंदांहून अधिक काळ मळकी राहिलेली पानं डिस्ककडं पाठवतो. मळक्या पानांनी उपलब्ध मेमरीचा दहावा हिस्सा व्यापला, तर तीस सेकंदांचीही वाट न पाहता काम सुरू करतो. पाचवा हिस्सा व्यापत आला, तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच म्हणतो, थांबा, आधीचं उरकू द्या. हे आकडे बदलता येतात, पण मुळात ठरवून दिलेले आहेत ते हेच.

आवकेची बाजूही अशीच. तुम्ही फाइलचं पहिलं पान मागितलंत, की हा कारकून पुढची काही पानंही आणून ठेवतो. बहुतेक माणसं पुढंच वाचत जातात, हे त्याला ठाऊक आहे. जागा कमी पडली की स्वच्छ पानं तो खुशाल मोडीत काढतो, कारण त्यांची प्रत डिस्कवर आहेच. मळलेलं पान मात्र डिस्कवर पोचवल्याशिवाय मोडायचं नाही, हा त्याचा नियम. आणि डिस्क एखादं पान वाचून घेत असेल, तेव्हा ते पान दुसऱ्या कामाला द्यायचं नाही. साहेबांच्या हातातला कागद ओढून घेऊ नये, तसं.

अम्मीच्या ओव्यांचं काय झालं, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. पट्टी भरली ती टेबलावरच्या पानांची. पेन ड्राइव्हची गती फार कमी. कारकून एकेक पान तिकडं नेत होता आणि मी दप्तरखानाच उचलून नेला.

यावर इलाज आहे. ज्या प्रोग्रॅमला खात्री हवी, तो कर्नेलला वेगळा हुकूम देऊ शकतो: माझी सगळी मळकी पानं डिस्कवर पोचव आणि तोवर मला उत्तर देऊ नकोस. या हुकमाला ‘एफसिंक’ म्हणतात. हिशेबाची, नोंदींची कामं करणारे डेटाबेस त्यावर विसंबून असतात.

पण 2018 साली एक नाजूक गोष्ट उजेडात आली. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की डिस्कवर लिहिणं फसलं तर लिनक्स एकदा चूक झाल्याचं सांगतं खरं, पण त्या पानावरची मळकेपणाची खूणही पुसून टाकतं. प्रोग्रॅमनं दुसऱ्यांदा विचारलं, की उत्तर येतं, सगळं ठीक आहे. टेबल स्वच्छ असतं आणि मजकूर डिस्कवर नसतो! पुन्हा प्रयत्न केला की काम होईल, या समजुतीवर पोस्टग्रेस वर्षानुवर्षं चाललं होतं. 2019 च्या सुरुवातीला त्यांनी आपली रीत बदलली. एफसिंक फसलं की आता पोस्टग्रेस काम थांबवतं आणि आधी लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून सगळं पुन्हा उभं करतं. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं ‘झालं’ सांगण्यापेक्षा ‘मला जमलं नाही’ म्हणून थांबणं केव्हाही चांगलं.

तुमच्याआमच्यासाठी एवढंच: पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ असा जो पर्याय असतो, तो निवडा. त्यानं उरलेली सगळी मळकी पानं पोचती होतात. ‘आता काढा’ असा निरोप येईपर्यंत हात आवरा. आणि मोलाची गोष्ट असेल तर नवी प्रत उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसू नका. मी हे शेवटचं केलं असतं, तरी पुरलं असतं.

अम्मीला मी फाइल गेल्याचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘‘परत म्हणते की.’’ आपण पुढच्या महिन्यात करू म्हणालो. मग तिला दम लागू लागला, आणि ते राहूनच गेलं. आता ती नाही. ओव्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत, कारण ते मी हातानं उतरवून घेतले होते. आवाज नाही.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक छोटा बदल झाला. पोच देताना मी अर्जदाराला थांबवतो आणि सांगतो, ‘‘बाबा, ही फक्त पोच आहे. तुमचा कागद अजून इथंच आहे. पंधरा दिवसांनी येऊन सही झाली का ते विचारा.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)