रक्ताचा रिपोर्ट आणि गटाचं पासबुक

हल्ली नांदेड-लातूरकडं गटाच्या बैठकीत एखादी बाई पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढते आणि हळूच विचारते, "ताई, सीए-१२५ चाळीस आलाय. कॅन्सर आहे का?"

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते पुष्कळदा वाढतं. ३५ पर्यंत ठीक मानतात. पण पाळीत, दिवस गेल्यावर, पोटाच्या टीबीतही ते वाढतं. उलट कॅन्सरच्या सुरुवातीला कित्येकींचं वाढतच नाही. म्हणून चाळीसला घाबरायचं नाही, अन् वीस आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

पासबुकाचं बघा. कर्ज देताना बँकेचे साहेब फक्त आजची शिल्लक बघतात का? मागच्या नोंदी चाळतात. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांनी तसंच केलं. एकाच बाईचे दरवर्षीचे आकडे घेऊन, तिच्या नेहमीच्या पातळीवरून ते कसे चढतात याचं गणित मांडलं. बारा, मग वीस, मग बत्तीस. सगळे पस्तीसच्या आत, तरी चढ संशयाचा! २००१ पासून दोन लाखांवर बायका त्या अभ्यासात घेतल्या. त्यातल्या पन्नास हजारांची अशी तपासणी झाली. कॅन्सर जरा लवकर सापडला. पण २०२१ साली हिशेब लागला तेव्हा मृत्यू काही कमी झालेले नव्हते.

एवढं गणित करूनही असं. मग शिबिरातल्या एका आकड्यावर हप्त्याचे पैसे कशाला घालायचे? ज्यांचा उपचार चालू आहे त्यांची गोष्ट वेगळी. औषध लागू पडतंय का, हे डॉक्टर त्याच आकड्यांच्या चढ-उतारावरून बघतात. त्यांनी सगळे रिपोर्ट तारखेनं लावून ठेवावेत.

आता आपल्या शेजारचं सांगते. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तिथं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायका अभ्यासात घेतल्या. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी. तिथं रक्त नव्हे, आतून नमुना घेऊन एचपीव्ही विषाणू तपासला. २००९ साली निकाल छापून आला: ज्या गटात ही तपासणी एकदाच झाली तिथं या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, जिथं ती नव्हती, तिथं ६४.

रक्त द्यायला आपण लगेच हात पुढं करतो, आतल्या तपासणीला मात्र लाजतो. तिशीपुढच्या बायांची ही तपासणी सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी होते, ते आशाताईला विचारा. आणि पोट सारखं फुगतंय, दोन घासांत भरतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट डॉक्टरकडं जा. सोबत जाऊबाई नसली तर गटातली कुणी घ्या.