नावाआधीची दोन अक्षरे

लग्नसराई जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावी, इतर गावांप्रमाणेच, घरोघरी पत्रिकेचा मसुदा होऊ लागतो. पुरुषांची नावे घालताना लेखणी कोठे अडत नाही. आजोबा असोत, विधुर काका असोत वा अविवाहित मामा असोत, आधी ‘श्री.’ लिहिले की काम भागते. स्त्रियांच्या नावापाशी मात्र ती थबकते. कुमारी, सौभाग्यवती की गंगाभागीरथी? दोन अक्षरे लिहिण्यापूर्वी त्या बाईच्या नवऱ्याची हकीकत ठाऊक असावी लागते.

ही दोन अक्षरे आदरार्थी म्हणून ओळखली जातात. वस्तुतः ती माहितीपर आहेत. ‘सौ.’ म्हणजे जिचा पती हयात आहे ती. ‘गं. भा.’ म्हणजे जिचा पती निवर्तला ती. गंगेचे पावित्र्य बहाल करणारे हे शब्द ऐकावयास गोड खरे. परंतु ते ज्या पाकिटावर पडतात, त्या पाकिटाची मालकीण हळदीकुंकवास बोलावली जात नाही, हे सर्वांस ठाऊक असते.

बँकेच्या छापील अर्जावर हाच प्रश्न इंग्रजी वेषात पुढे येतो: मिसेस की मिस? हे दोन्ही शब्द ‘मिस्ट्रेस’ या एकाच शब्दाचे संक्षेप होत, आणि मिस्ट्रेस म्हणजे घराची वा धंद्याची मालकीण. म्हणूनच ‘मिसेस’ लिहिताना एम् आणि एस् यांच्यामध्ये आर् हे अक्षर येते. उच्चारातून ते गेले, लेखनात राहिले. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात प्रतिष्ठित प्रौढ स्त्रीस, तिचे लग्न झालेले असो वा नसो, मिसेस म्हणत. मालकिणीचा हा शब्द पुढे केवळ पत्नीचा झाला.

१९०१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील एका वृत्तपत्राने मधला आर् गाळून केवळ एम् आणि एस् लिहावे, म्हणजे लग्नाची चौकशी करावी लागणार नाही, अशी सूचना केली. तिचा उच्चार ‘मिझ’. ही सूचना दीर्घकाळ पडून राहिली. १९६१पासून शीला मायकेल्स यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७२ साली त्याच नावाचे मासिक नियमित निघू लागले. आणि न्यूयॉर्क टाइम्स या पत्राने १९८६ साली ते संबोधन स्वीकारले. अमेरिकन लोक त्यापुढे टिंब देतात, इंग्रज बहुधा देत नाहीत. जर्मनीने अविवाहितेसाठीचे ‘फ्रॉइलाइन’ १९७२च्या सुमारास सरकारी व्यवहारातून काढले. फ्रान्सने ‘मादमुआझेल’ २०१२ साली अर्जांवरून उतरविले.

मराठीस असा नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘श्रीमती’ हा शब्द घरातच आहे. श्रीमान् याचे हे स्त्रीलिंगी रूप. श्री आणि ती ही दोन्ही अक्षरे दीर्घ. त्याच्या अर्थात पतीचा मागमूस नाही. तथापि रूढीने येथेही गोंधळ केला. हिंदीत श्रीमती म्हणजे विवाहिता. मराठी घरांत मात्र पुष्कळदा विधवेसाठीच तो राखून ठेवलेला. वऱ्हाडचा कारभार १९५६पर्यंत नागपूरच्या राजधानीतून चाले आणि तेथे दोन्ही भाषांचा राबता होता. त्यामुळे एकाच शब्दाने एक घर सुखावते, तर दुसरे दचकते, हे या भागास नवे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी येथील अनेक तरुण स्त्रियांच्या नावाआधीची अक्षरे एका दिवसात बदलली. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच एका शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी केले. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे २०२३ साली विधवांसाठी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द सरकारी व्यवहारात वापरण्याची कल्पना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आली, तेव्हा तीवर सडकून टीका झाली. टीकेचे मर्म उघड होते: शब्द कितीही पवित्र असला, तरी तो वेगळा काढण्यासाठीच योजलेला असेल, तर त्यात मान कसला?

उपाय सोपा आहे, पण तो अर्धवट केल्यास अपाय होईल. केवळ विधवेस श्रीमती म्हटले, तर तो गं. भा.चाच दुसरा वेष. सुनेस, नणंदेस, अविवाहित आत्येस आणि वैधव्य आलेल्या आजीस, सर्वांस एकाच पत्रिकेत श्रीमती लिहिले, तरच त्या शब्दाचा डाग धुऊन निघेल. जिला ‘सौ.’ प्रिय असेल, तिने स्वतःच्या सहीपूर्वी ते खुशाल लिहावे. तो तिचा अधिकार. परंतु पाकिटावर नाव घालणाऱ्याने तिच्या घरातील सुखदुःखाची जाहिरात करू नये. पोस्टमनला पत्ता पुरेसा असतो.