निवाडा कसा वाचावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सारा जन्म खडू-फळ्यापाशी घालविला. तथापि कायद्याच्या टीकाकारांची वाचनाची रीत प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावी अशी आहे; म्हणून हा विषय निवडला.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वरांनी वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच असतो, असे प्रतिपादिले. जीमूतवाहनांनी दायभागात तो पित्याच्या पश्चातच उत्पन्न होतो, असे सांगितले. टीकाकारांच्या या मतभेदावर शतकानुशतके घराघरांतील वाटण्या झाल्या.

आजचे टीकाकार निवाडा हाती आला की तीन प्रश्न विचारतात. वस्तुस्थिती काय होती? निर्णयास आवश्यक असे तत्त्व कोणते आणि ओघात आलेले विधान कोणते? आणि निवाडा किती न्यायमूर्तींच्या पीठाचा? मुलींच्या हक्काचेच उदाहरण घ्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात म्हटले की, त्या दिवशी पिता हयात असला पाहिजे. २०१८ साली दानम्मा खटल्यात पिता २००१ सालीच वारलेला असूनही मुलींना वाटा मिळाला. दोन्ही पीठे दोन-दोन न्यायमूर्तींची. मग खरे कोणते? टीकाकारांनी ही विसंगती दाखविली. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, हक्क जन्माने येतो, सबब पिता त्या दिवशी हयात असण्याची आवश्यकता नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्याने मोडत नाहीत. विज्ञानेश्वरांचे जन्मसिद्ध हक्काचे तत्त्व अशा रीतीने कन्येपर्यंत पोहोचले.

केवळ मथळा वाचणाऱ्याच्या हातून काय घडते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. वडील वारल्यावर, १९९० नंतरच्या काळात, आम्ही धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले. "लग्न झालेल्या मुलीला कायद्याने काही नाही," असे आम्ही छातीठोकपणे सांगितले होते. वस्तुतः १९५६ च्या कायद्यानेच, मुलगी विवाहित असो वा अविवाहित, वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात तिला मुलाबरोबरीचा वाटा दिला होता. ते आम्ही वाचलेच नव्हते. ऐकीव गोष्ट कायदा म्हणून सांगितली. २०२० सालचा निवाडा वाचल्यावर आम्ही तिच्या गावी जाऊन चूक कबूल केली. ती एवढेच म्हणाली, "दादा, तू मास्तर, म्हणून मी विचारलंच नाही."

ते पत्र आज कायद्याने मोडता येईल काय, हे वकील सांगतील. तिचा भाग तिच्या नावे करून देण्याचे काम मात्र आम्ही हाती घेतले आहे.

बंधूंनो, बहिणीपुढे कागद ठेवण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवा, आणि तिच्या वकिलालाही पाहू द्या. भगिनींनो, भाऊ मास्तर असला तरी विचारा. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.