कर भरला, पण विवरणपत्रात नोंदविला का?

(सुरत येथील मराठी भाषिकांपुढे केलेले भाषण)



तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने खानदेशातून येऊन उधना-लिंबायत परिसरात स्थिरावलेल्या आपणा सर्वांपुढे आज प्राप्तिकराविषयी बोलावयाचे आहे. विषय रुक्ष खरा. परंतु त्यातील एका लहानशा विस्मरणाने कष्टाचा पैसा अडकून पडतो.

2025 साली, ज्यांना हिशेब-तपासणीची आवश्यकता नव्हती अशा करदात्यांसाठी विवरणपत्राची 31 जुलैची मुदत प्रथम 15 सप्टेंबरपर्यंत व पुढे आणखी एका दिवसाने वाढविण्यात आली. तेव्हा करही सावकाश भरला तरी चालेल, असा समज होणे स्वाभाविक होते. पण वाढली ती विवरणपत्राची मुदत. समजा, एका शिक्षकांचा पगारातील कपात वजा जाता 12,000 रुपये कर बाकी होता. बाकी 10,000 रुपये वा अधिक असल्याने तो आगाऊ कर म्हणून मार्चअखेरपर्यंत भरावयास हवा होता. त्यांनी तो सप्टेंबरात भरला. एप्रिलपासून दरमहा 1 टक्का या दराने सहा महिन्यांचे 720 रुपये व्याज झाले. हप्ते चुकल्याचे व्याज निराळेच.

गुरुजींनी व्याजासह रक्कम भरली, चलन घडी करून पेटीत ठेवले आणि ते निश्चिंत झाले. चूक झाली ती येथेच. वर्ष संपल्यावर स्वतः हिशेब करून भरलेल्या या रकमेस स्वयंनिर्धारण कर म्हणतात. ती विवरणपत्रातील करभरणा तक्त्यात नोंदवावी लागते. चलनावरील बँक शाखेचा सात अंकी संकेतांक, भरण्याची तारीख, चलनाचा पाच अंकी क्रमांक व रक्कम या चार बाबी जशाच्या तशा उतरवाव्यात. एक अंक चुकला तरी भरणा जुळत नाही आणि भरलेल्याच कराची पुन्हा मागणी येऊ शकते.

चलन भरतानाही वर्ष व कराचा प्रकार नीट निवडावा. 2024-25 च्या उत्पन्नासाठी निर्धारण वर्ष 2025-26 होते. येथे पुष्कळांची गफलत होते. विवरणपत्र पाठविण्यापूर्वी वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) आपला भरणा दिसतो की नाही, हे पाहावे. नोंद राहून गेल्यास घाबरून दुसऱ्यांदा कर भरू नये; मुदतीत सुधारित विवरणपत्र द्यावे अथवा दुरुस्तीसाठी अर्ज करावा.

शिक्षक बंधूंनी शेजारच्या कामगारांना एवढे समजावून दिले, तरी आजचे बोलणे सार्थकी लागेल.