जास्वंदीला ऊन हवं

गणपतीला वाहायला दारचीच जास्वंद हवी म्हणून हौसेनं रोप आणलं जातं. पण पुढं नुसती पानंच वाढतात. अशा वेळी खत बदलण्याआधी कुंडीची जागा बदला. जास्वंदीला रोज ५-६ तास थेट ऊन लागतं.

कुंडी निदान १२ इंची घ्या, तळाला भोक हवंच. मातीचा वरचा थर सुकला की भरपूर पाणी घाला. मुळाशी पाणी साचलं किंवा माती फार कोरडी पडली, तरी कळ्या गळतात.

छाटणी करताना हात कचरतो, पण करा. फूल नव्या फुटीवरच येतं. छाटलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी पावसाळ्यात ओल्या मातीत खोचा. शेजारणीला द्यायला रोप तयार!

खरा त्रास पिठ्या ढेकणाचा. कोवळा शेंडा जवळून पाहा. कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसेल आणि खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात, ढेकणाची राखण करतात, त्याला फांदीफांदीवर पोचवतात. म्हणून मुंग्या दिसताच सावध व्हा. पाण्याच्या जोरदार धारेनं पुंजके धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूलाही. आठवड्यानं पुन्हा फवारा. अंड्यांतून नवी पिल्लं निघालेली असतात.