दुधावांचून थंड कॉफी

वैशाखांतील दुपार उतरूं लागली, कीं घरोघर एक ठराविक घटका येते. सुटीचा दिवस असावा, पंख्याचा वाराहि उष्ण वाटावा, आणि चारच्या सुमारास स्वयंपाकघरांतून पेल्यांचा आवाज यावा. सकाळीं जो तो आपल्या घाईंत असतो आणि रात्रीं जो तो थकलेला असतो. चार वाजतां मात्र घर एके ठिकाणीं बसतें. अशा वेळीं घरांतलेंच एखादें माणूस मुकाट्यानें उठून गॅलरींत जाऊन बसूं लागलें, तर तें केवळ एका पेयाला मुकलें असें समजूं नये. तें त्या घटकाभराच्या सहवासालाच मुकलेलें असतें.

गिरगांवांतील एका घरीं असेंच झालें. तेथील आजोबांचें उमेदीचें आयुष्य हुबळीकडे रेल्वेच्या नोकरींत गेलें होतें, आणि त्या मुलुखांतून येतांना त्यांनीं फिल्टरच्या कॉफीची आवड बरोबर आणली होती. साठी उलटल्यावर दूध त्यांना सोसेना. पोट फुगे, कळा येत. डॉक्टरांनीं दूध सोडून पाहावयास सांगितलें आणि त्रास थांबला; त्रासाबरोबर कॉफीहि थांबली. काळी कॉफी त्यांना काढ्यासारखी लागे. "तुम्ही प्या, मी जरा वारा खातों," असें म्हणून ते चार वाजतां उठूं लागले. पहिले कांहीं दिवस घरच्यांना वाईट वाटलें. पुढें त्यांच्या रिकाम्या खुर्चीची सर्वांना संवय झाली. वाईट वाटण्यापेक्षां ही संवय अधिक वाईट होती.

हें दुखणें जगावेगळें नाहीं. दुधांत एक साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती पचविण्यासाठीं लहान आंतड्यांत लॅक्टेज नांवाचें पाचकद्रव्य लागतें. तान्हेपणीं तें भरपूर असतें. परंतु जगांतील बहुसंख्य माणसांत बालपण सरल्यावर तें ओसरत जातें. न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत उतरली, कीं तेथील सूक्ष्म जंतू ती आंबवितात, आणि वायु व कळा हें त्याचें फळ असतें. याला कोणी चोचले म्हणूं नये. कांहींना दुधांतील प्रथिनांचेंच वावडें असतें; तो प्रकार निराळा व अधिक धोक्याचा असून त्यांना दुधाचा थेंबहि चालत नाहीं. शिवाय प्राण्यांपासून मिळणारा कोणताच पदार्थ न घेण्याचें व्रत पाळणारी माणसेंहि आहेत. अशा मंडळींची 'व्हेगन सोसायटी' इंग्लंडांत १९४४ सालीं स्थापन झाली. कारण कोणतेंहि असो, पाहुण्यानें वा घरच्या माणसानें "दूध नको" म्हटलें, तर त्याच्या हातीं कांहीं न देणें हें यजमानाला शोभत नाहीं.

आजोबांची नात एके दिवशीं आईला म्हणाली, "आई, बदामाच्या दुधाची कॉफी करून पाहूं या का?" शेजारच्या काकू तेथेंच बसल्या होत्या. त्या हंसून म्हणाल्या, "अगं, दुधावांचून कॉफी म्हणजे कसली कॉफी?" काकूंचा प्रश्न स्वाभाविक होता, पण इतिहास त्यांच्या बाजूचा नाहीं. कॉफी पेय म्हणून प्रथम रूढ झाली ती येमेनकडे, आणि तेथें ती दुधावांचूनच पीत. बाबा बुडन नांवाच्या साधूनें सतराव्या शतकांत येमेनांतून सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला अजूनहि त्यांचेंच नांव आहे. कॉफीची आणि दुधाची गांठ पडली ती मागाहून. उलट झाडाच्या फळाबियांपासून दुधासारखें पेय काढण्याची रीत फार जुनी. मध्ययुगीन युरोपांत ख्रिस्ती उपवासांच्या दिवसांत दूध वर्ज्य असे, तेव्हां बदामाचें दूध वापरीत. चीनमध्यें सोयाबीनचें दूध परंपरेनें चालत आलें आहे. आणि कोंकणांत व गोव्यांत नारळाचा रस काढल्याशिवाय सोलकढी होत नाहीं, हें कोणास सांगावयास नको.

तथापि जुनी रीत माहीत असणें निराळें आणि ती कॉफीला लावणें निराळें. मायलेकींना पहिल्या दिवशींच त्याचा अनुभव आला. रात्रभर भिजविलेले बदाम सोलून, वाटून, फडक्यांतून पिळून त्यांनीं दूध काढलें. तें इतकें शुभ्र निघालें कीं काकूहि वाकून पाहूं लागल्या. मग नेहमींच्या संवयीनें फिल्टरमधील कढत डिकॉक्शन त्यावर ओतलें, आणि पाहतां पाहतां पेल्यांत पांढऱ्या कण्या झाल्या व पाणी निराळें झालें. "नासलें!" असें आई म्हणाली. वस्तुतः बदाम खराब नव्हते. कॉफी थोडी आम्लधर्मी असते. आम्ल आणि उष्णता एकत्र झालीं, कीं बदामाचीं वा सोयाबीनचीं प्रथिनें गोळा होतात. उकळत्या गाईच्या दुधांत लिंबू पिळून छेना करतात, तेथेंहि हेंच घडतें. गाईचें दूध कढत कॉफी सहज सोसतें. बदामाचें दूध तितकें सोसत नाहीं.

दुसऱ्या रविवारीं त्यांनीं घरांतला जुना विश्वासू नारळ पुढें केला. खोबरें वाटून घट्ट रस काढला, कॉफी अगोदर निववून घेतली, दोन्ही एकत्र करून वर बर्फाचे खडे टाकले. आतां कांहीं फुटलें नाहीं. पण पांच मिनिटांत पेल्यावर मेणासारखे कण तरंगूं लागले आणि ओठांना तुपट लागूं लागलें. याचेंहि कारण साधें आहे. नारळाच्या रसांत प्रथिनें थोडीं आणि तेल पुष्कळ. खोबरेल तेल सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं थिजतें. थंडीच्या दिवसांत बाटलींतलें तेल घट्ट होतें, तें सर्वांनीं पाहिलेलें आहे. सोलकढी माठाच्या गारव्यावर ठीक राहते; बर्फाच्या पेल्यांत तोच रस गोठतो. ज्यांना नारळच हवा, त्यांनीं पहिला घट्ट रस बाजूस ठेवून दुसरा पातळ रस घ्यावा, आणि बर्फ न घालतां केवळ गार करून लगेच प्यावा.

या दोन्ही फजितींच्या मुळाशीं चूक एकच होती. नांवांत दूध आहे म्हणून त्या वस्तूनें दुधासारखें वागावें, अशी अपेक्षा केली गेली. युरोपांतील सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं असा निर्णय दिला, कीं नारळाच्या दुधासारखीं थोडीं परंपरागत नांवें वगळतां वनस्पतिजन्य पेयें 'दूध' म्हणून विकतां येणार नाहींत. मराठी गृहिणीनें हा निवाडा नकळत पूर्वींच केलेला आहे. ती नारळाचा 'रस' म्हणते. बदामाच्या बाबतींतहि मनांत रस हाच शब्द ठेवावा, म्हणजे अर्ध्या चुका टळतात. तो तापवूं नये, उकळूं नये, त्याच्यावर साय येण्याची वाट पाहूं नये. त्याला गारवा मानवतो. म्हणूनच दुधावांचूनची कॉफी गरम करण्यापेक्षां थंड करणें सोपें आहे.

तिसऱ्या खेपेस मायलेकींनीं जी रीत धरली ती येणेंप्रमाणें. प्रमाण चार पेल्यांचें आहे.

आदल्या रात्रीं दोन कामें करावयाचीं. ५० ग्रॅम कॉफी जाडसर दळून ती ४०० मिलिलिटर थंड, स्वच्छ पाण्यांत घालावी, ढवळून झांकावी आणि बारा तास फ्रिजमध्यें ठेवावी. पूड फार बारीक असली तर गाळतांना फडकें तुंबतें. चिकोरी मिसळलेली पूड चालते, पण चिकोरी थोडी असावी, नाहीं तर कडवटपणा रसावर मात करतो. थंड पाण्यांत मुरलेल्या कॉफींत तिखट आंबटपणा कमी जाणवतो, आणि हाच गुण येथें उपयोगी पडतो. दुसरें काम म्हणजे १०० ग्रॅम बदाम पाण्यांत भिजत घालावे. चव घेतां एखादा बदाम कडू लागला तर तो टाकून द्यावा.

सकाळीं कॉफी दुहेरी मलमलींतून गाळावी. सुमारें ३०० मिलिलिटर अर्क मिळतो. त्यांतील तिसरा हिस्सा बर्फाच्या साच्यांत ओतून गोठवावा. पाण्याचा बर्फ वितळला कीं पेय पाणचट होतें. कॉफीचा बर्फ वितळला तर कॉफीच वाढते. नंतर बदामांचें भिजवणीचें पाणी टाकून द्यावें, बदाम मिनिटभर कढत पाण्यांत ठेवून सोलावे आणि मिक्सरमध्यें प्रथम थोड्या पाण्यानें अगदीं गंधासारखे वाटावे. मग एकूण अर्धा लिटर पाणी होईल इतकें घालून पुन्हां फिरवावें. हें मिश्रण स्वच्छ धुतलेल्या फडक्यांतून पिळून घ्यावें आणि त्यांत मिठाची चिमूट टाकावी. मिठानें खारटपणा येत नाहीं, पण कॉफीचा कडवटपणा मवाळ होतो. उरलेला चोथा टाकूं नये. थालिपिठाच्या भाजणींत तो छान मिसळतो.

बदाम महाग वाटत असतील त्यांनीं काजूचे तुकडे चार तास भिजवून घ्यावे. ते इतके मऊ वाटले जातात, कीं चोथा जवळजवळ राहत नाहीं. शेंगदाणेहि चालतात, मात्र त्यांचा कच्चा वास जावा म्हणून आधीं हलके भाजून सालें पाखडून टाकावीं, मगच भिजवावे.

साखर थंड पेयांत विरघळत नाहीं, तळाशीं बसते. यासाठीं ६० ग्रॅम साखर तितक्याच पाण्यांत एक उकळी देऊन निववून ठेवावी. गूळ घेतला तर त्याचा पाक गाळून घ्यावा, म्हणजे कचरा येत नाहीं. आतां पेल्यांत प्रथम पाक, मग गार रस, मग गार कॉफी हळूहळू ओतावी आणि शेवटीं कॉफीचे गोठलेले खडे टाकावे. रस ओतण्यापूर्वीं बाटली हलवावी, कारण घरच्या रसांत स्निग्धांश वर येतो व पाणी खालीं राहतें. विकतच्या रसांत तें एकजीव ठेवणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. घरीं तें काम मनगटाला करावें लागतें. हा रस फ्रिजमध्यें दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकतो. आंबूस वास आला कीं मोह न धरतां ओतून द्यावा.

येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. घरगुती बदामरस हा बव्हंशीं पाणीच असतो. गाईच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्यें सुमारें ३ ग्रॅम प्रथिनें व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गाळलेल्या बदामरसांत, विशेषतः कॅल्शियम, पुष्कळच कमी. प्रथिनांच्या बाबतींत सोयाबीनचें दूध त्यांतल्या त्यांत गाईच्या दुधाजवळ येतें. म्हणून कॉफीच्या पेल्यापुरता हा रस उत्तम. परंतु ज्या घरीं तान्हें मूल आहे तेथें आईच्या दुधाच्या वा डॉक्टरांनीं सांगितलेल्या दुधाच्या जागीं तो कदापि देऊं नये. दुसरा इशारा असा, कीं बदाम, काजू व शेंगदाणे यांचेंहि कांहीं माणसांना तीव्र वावडें असतें. पाहुण्याच्या हातीं पेला देण्यापूर्वीं एक शब्द विचारावा. आदरातिथ्याचा आरंभ विचारण्यापासूनच होतो.

गिरगांवच्या त्या घरीं तिसऱ्या रविवारीं चार वाजले. आजोबा संवयीप्रमाणें उठले. नातीनें पेला पुढें केला आणि म्हटलें, "आजोबा, हें दूध नाहीं हं. बदामाचा रस आहे." त्यांनीं पेला उजेडाकडे धरून पाहिला, एक घोट घेतला, आणि बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "हुबळीची सर नाहीं याला." नातीचा चेहरा उतरला. आजोबांनीं दुसरा घोट घेतला. "पण हुबळीला आतां जावयाचें कोणाला आहे? ही इथलीच बरी आहे. जरा कडक कर पुढच्या वेळीं."

त्यांच्या या बोलण्यांत खोटें कौतुक नव्हतें. जें गेलें तें तसेंच परत येत नाहीं. त्याच्या नकलेनें तर मुळींच येत नाहीं. त्याच्या जागीं दुसरें कांहीं, आपल्या गुणानें चांगलें असें, ठेवतां येतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी रिकामी खुर्ची असेल, त्यांनीं आज रात्रीं मूठभर बदाम भिजत घालावे. आजोबा त्या दिवशीं गॅलरींत गेले नाहींत, आणि पुढच्या रविवारीं चार वाजावयाच्या आधींच येऊन बसले.